ओवाळणीची बाटली: लेओव्हिल बार्टन २०१०, उघडू की ठेवू?

गोधडी

मंडळी, मला वाइनमधलं शून्य कळतं हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी टोमणे मारायला नको.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त काही वर्षं फ्रान्समध्ये बोर्दोला होता. २०१८ च्या भाऊबीजेला आला, तेव्हा ओवाळणीच्या ताटात त्याने पाकिटाऐवजी एक बाटली आडवी ठेवली. आईचा चेहरा अजून आठवतो. निरांजन, सुपारी, करदोटा आणि शेजारी तांबडी वाइन! "ताई, ही आत्ता उघडायची नाही. दहा वर्षांनी बघू," असं सांगून तो परत गेला. मी ती जुन्या ओढणीत गुंडाळून बेडरूमच्या माळ्यावर ठेवून दिली.

लेबलवर लिहिलंय शातो लेओव्हिल बार्टन, सँ-झुलियँ, २०१०. वर एका बसक्या, देखण्या वाड्याचं चित्र आहे. या दिवाळीला भाऊ पुन्हा येतोय. भाऊबीजेला उघडावी असं मनात आहे. पण परवा ऑफिसमधला एक जण म्हणाला की पुण्याच्या माळ्यावर सात उन्हाळे काढलेली वाइन म्हणजे व्हिनेगर.

तर प्रश्न तीन. ही बाटली नक्की काय आहे? ती अजून जिवंत असेल का? आणि उघडायची झाली तर कशी?

---

आडवाउभा

माळ्यावर सात वर्षं! ताई, आमच्या माळ्यावर २००४ पासून एक प्रेशर कुकर आहे, तोही आता परिपक्व झाला असावा.

धागा वाचतोय. जागा धरून ठेवली आहे.

---

काटेकोर

भावाने भलतीच चांगली ओवाळणी घातली आहे. आधी बाटली काय आहे ते सांगतो.

बोर्दो शहराच्या उत्तरेला जिरोंद नदीच्या डाव्या काठाने एक लांबट पट्टा जातो, तो मेदोक. त्यातलं सँ-झुलियँ हे छोटं गाव. इथे पूर्वी लेओव्हिल नावाची एकच अवाढव्य मालमत्ता होती. फ्रेंच राज्यक्रांतीत मालकांपैकी काही जण देश सोडून पळाले आणि तिचे तुकडे पडायला सुरुवात झाली. आज त्या एका लेओव्हिलचे तीन शेजारी आहेत: लास काझ, प्वाफेरे आणि बार्टन. आपल्याकडे भाऊवाटणीत एका सर्व्हे नंबरचे तीन गट पडतात, तसंच. बार्टनच्या वाट्याला मूळ मालमत्तेचा साधारण चौथा हिस्सा आला. ह्यू बार्टन या गृहस्थाने तो १८२६ मध्ये विकत घेतला आणि तेव्हापासून तो त्याच घराण्यात आहे.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने बोर्दोच्या वाइन्सची प्रतवारी मागवली. दलालांनी वर्षानुवर्षांचे बाजारभाव समोर ठेवून पाच पायऱ्यांची यादी केली. कुणी बसून चवी घेतल्या असतील असं वाटतं, पण यादी भावावर झाली. लेओव्हिल बार्टन दुसऱ्या पायरीवर आहे. ही यादी आजही चालते. तिच्यात लक्षात राहावा असा बदल एकच, १९७३ मध्ये मुतों रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिल्यावर गेली.

आता गंमत. लेबलवरचा वाडा लेओव्हिल बार्टनचा नाहीच! या मालमत्तेला स्वतःचा वाडा नाही. चित्र आहे शेजारच्या लांगोआचं. ती वास्तू १७५८ ची. ह्यूने ती १८२१ मध्ये, म्हणजे लेओव्हिलच्या आधी पाच वर्षं घेतली. लांगोआ बार्टन नावाची वेगळी वाइन निघते, ती यादीत तिसऱ्या पायरीवर आहे. दोन्ही एकाच तळघरात तयार होत आल्या आहेत. थोरल्या बहिणीने धाकटीच्या घराचा फोटो लावून मिरवावं, तसा प्रकार.

२०१० हे साल मेदोकमध्ये फार मोठं मानतात. द्राक्षं पक्व, तरी आंबटपणा शाबूत, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) दणकट. चांगल्या जागी ठेवली असती तर आणखी वीस वर्षं काढली असती. "चांगल्या जागी" हे शब्द पुन्हा वाचावेत.

---

गोधडी

काटेकोर, दंडवत. शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला, ते वेगळं.

बार्टन हे नाव मात्र फ्रेंच वाटत नाही.

---

लिफीकाठ

नाहीच ते फ्रेंच. इथे डब्लिनला राहून मला ही गोष्ट पाठ झाली आहे, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

टॉमस बार्टन हा आयर्लंडच्या उत्तरेकडचा, फर्मानाचा. १७२२ मध्ये बोर्दोत उतरला आणि १७२५ मध्ये वाइनचा व्यापार सुरू केला. तेव्हा बोर्दोची उत्तम वाइन डब्लिन आणि लंडनला जायची. तिथल्या चोखंदळ गिऱ्हाइकाला काय लागतं हे या माणसाला बरोबर ठाऊक होतं. लोक त्याला 'फ्रेंच टॉम' म्हणू लागले. एवढा पैसा केला, पण फ्रान्समध्ये मळा मात्र विकत घेतला नाही. कारण तेव्हाचा कायदा असा की परदेशी माणूस मेला की त्याची फ्रान्समधली मालमत्ता राजाकडे. म्हणून जमीन घेतली ती मायदेशी, आयर्लंडात. बोर्दोकडे नुसता खंडाने मळा चालवला.

नातू ह्यू. १७९३ मध्ये क्रांतीचा कहर चालू होता, ब्रिटनशी युद्ध पेटलं होतं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ह्यूला तुरुंगात टाकलं. बायकोच्या खटपटीने सुटला आणि पुढे आयर्लंडला निघून गेला. धंदा बोर्दोत, मालक समुद्रापलीकडे, दोन्ही देश एकमेकांच्या जिवावर उठलेले. अशा वेळी दानिएल गेस्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने सगळा कारभार पाहिला. नावावर करून घेतला असता तर कोण विचारणार होतं? पण त्याने हिशेब चोख ठेवला. १८०२ मध्ये दोघांची रीतसर भागीदारी झाली, बार्टन आणि गेस्तिए. ते नाव आजही बाटल्यांवर दिसतं, पण ती पेढी आता या घराण्याकडे नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

पुढे १८३१ मध्ये ह्यूने इथे किल्डेअर परगण्यात लिफी नदीच्या काठी स्ट्रॅफनची मालमत्ता घेतली. तोच आजचा के क्लब, जिथे २००६ मध्ये रायडर कप ही गोल्फची स्पर्धा झाली. आम्ही भारतातून आलेल्या पाहुण्यांना गाडीतून बाहेरूनच दाखवतो, आतला चहा परवडत नाही.

आणि गेस्तिएची पुण्याई इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बोर्दोत आले, तेव्हा मालक रोनाल्ड बार्टन जर्मनांविरुद्ध लढायला निघून गेला होता. शत्रूची मालमत्ता म्हणून मळा जप्तच व्हायचा. तेव्हा पुन्हा गेस्तिए घराण्यातलाच एक दानिएल पुढे आला आणि त्याने जर्मनांना पटवलं की मालक आयरिश आहे आणि आयर्लंड तटस्थ आहे. मळा वाचला. दीडशे वर्षांत दोनदा, त्याच घराने त्याच घराला हात दिला.

---

आडवाउभा

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका जागेवरून दोन घरं एकोणीस वर्षं बोलत नाहीत. असो. लिफीकाठ, लिहीत राहा.

---

ताडगोळा

दारूच्या बाटलीला इतिहासाची झालर लावली की ती संस्कृती होते काय? भाऊबीजेच्या ताटात हे ठेवणं मला तरी पटलं नाही. बाकी चालू द्या.

---

गोधडी

ताडगोळा, तुमचं म्हणणं आईनेही त्या दिवशी याहून कडक शब्दांत मांडलं होतं. मान्य. पण बाटली आता घरात आहे आणि सात वर्षं आहे, ती मोरीत ओतावी असं आईलाही वाटत नाही. शिवाय माझ्याकडे आजीवन परवाना आहे, कायद्याने मी स्वच्छ आहे!

---

माणिकचमन

नमस्कार. मी तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर बाग. वाइन कधी चाखली नाही, पण धागा वाचताना एका ठिकाणी अडकलो.

हे बोर्दो म्हणजे आमचं बोर्डोच का?

आमच्याकडं बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस चढला तर चुना कमी पडला. छाटणी झाली की खोडाला आणि ओलांड्याला, म्हणजे आडव्या फांदीला, याचीच पेस्ट. आजोबांपासून चालू आहे. 'बोर्डो' हे कुठल्या गावाचं नाव असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटायचं कंपनीचं नाव.

---

अणुरेणू

माणिकचमन, या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मी निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक, त्यामुळे हा चेंडू माझा.

होय, तेच बोर्दो. पण नुसतं बोर्दो म्हणून थांबू नका. या मिश्रणाची गोष्ट सुरू होते ती सँ-झुलियँ गावातच, गोधडीताईंच्या बाटलीवर ज्याचं नाव छापलंय त्याच गावात!

डाऊनी, म्हणजे द्राक्षवेलीवरचा केवडा रोग, मुळात अमेरिकेतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला. त्याआधी फायलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बागा झोपवल्या होत्या. तिच्यावर उपाय म्हणून कलमाखाली मुळांना लावायचे अमेरिकन खुंट आणले आणि अशा ये-जा करणाऱ्या वेलींबरोबर हा नवा पाहुणा आला असं मानतात. पानं गळायची, घड वाळायचे. उपाय कुणाला सापडेना.

१८८२ च्या शरदात बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे सँ-झुलियँमधून चालले होते. सगळ्या बागा डाऊनीने भुंड्या झालेल्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं हिरवीगार. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर थर. हा मळा बोकायूचा, म्हणजे लांगोआच्या शेजारचा. तिथला व्यवस्थापक एर्नेस्त दाविद. त्याच्याकडून कळलं ते असं: रस्त्याने जाणारे येणारे घड तोडून खातात, म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतात. विषारी दिसतं, लोक हात लावत नाहीत.

चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला! मियार्देंनी दाविदला हाताशी धरून पुढची दोन वर्षं प्रमाणं तपासली, गायों या रसायनशास्त्रज्ञाची मदत झाली आणि १८८५ मध्ये पाककृती प्रसिद्ध केली. तेच तुमचं बोर्डो. जगात मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या पहिल्या बुरशीनाशकांपैकी एक.

अवांतर: बोकायू म्हणजे 'सुंदर गोटे'. त्या गावाची सगळी मिजास गोट्यांवर आहे.

---

माणिकचमन

काका, हे वाचून मी उठून बाहेर बागेत एक चक्कर मारून आलो. खरं सांगतो.

चोरांसाठी! आणि आम्ही चार पिढ्या विळा बुडवतोय.

---

गोधडी

मला बाटलीबद्दल विचारायचं होतं आणि धागा मोरचुदावर गेला. पण जाऊ दे, यापेक्षा चांगला रस्ता कुठला? माणिकचमनदादा, तिथली बाग आणि तुमची बाग यांत फरक काय असेल?

---

द्वाडकार्टी

हे मी सांगू का? नाशिककडे एका वायनरीत काम करते, शिकताना एक हंगाम मेदोकमध्ये काढलाय, पाठदुखी सोबत घेऊन आलेय.

आधी जमीन. सँ-झुलियँला माती अशी नाहीच फारशी, नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे उंचवटे आहेत. पाणी भर्रकन खाली जातं, दगड दिवसा तापतात. कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात उशिरा पिकते, तिला हीच ऊब लागते. लेओव्हिल बार्टनमध्ये तिचाच वाटा मोठा, साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास, उरलेली बहुतेक मर्लो आणि थोडी कॅबर्ने फ्राँ.

वेल गुडघ्याएवढे! घड जमिनीपासून हातभर वर. तोडायला दिवसभर वाकायचं किंवा गुडघ्यावर सरकायचं. ओळींत जेमतेम मीटरभर अंतर, हेक्टरी आठ ते दहा हजार वेल. ठिबक नाही. मोठ्या झालेल्या बागेला पाणी द्यायला सहसा नियमानेच परवानगी नसते.

आणि वर्षातून छाटणी एकच, हिवाळ्यात. कारण थंडीत वेल खरंच झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून त्याला शिस्त लावतो. त्यांची तोडणी सप्टेंबर–ऑक्टोबरात, आपली वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये. तिकडे द्राक्षं थंडीकडे चालत पिकतात, आपल्याकडे उन्हाळ्याकडे पळत.

उतारा म्हणाल तर हेक्टरी पंचेचाळीस हेक्टोलिटर, म्हणजे साडेचार हजार लिटर वाइन धरा. द्राक्षांच्या हिशेबात एकरी अडीच टनांच्या आसपास.

---

माणिकचमन

एकरी अडीच टन? ताई, एवढ्यात आमच्या सोसायटीच्या पीककर्जाचं व्याजही फिटायचं नाही. आम्ही नऊ बाय पाच फुटांवर एकरी ९६८ वेल लावतो आणि दहा-बारा टन नाही निघाले तर घरात दोन दिवस कुणी बोलत नाही.

म्हणजे त्यांचा एक वेल किलो भरही देत नाही. तो लाडाचा पोर दिसतोय.

आमच्या वेलीखालीही खुंट अमेरिकनच आहे बरं का. डॉगरिज. मूळचा टेक्सासचा. खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून लावतो. त्यांनी किडीसाठी, आम्ही पाण्यासाठी.

एक विचारायचं होतं. विकतात कसं? भाव कोण ठरवतो? आमच्याकडं माल बागेत उभा असताना व्यापारी येतो, मणी दाबून बघतो, गोडी बघतो आणि सौदा ठरतो. माल गेल्यावर पैसे येतीलच असं नाही. दोन वर्षांमागं एकाने आमच्या गावातली सात-आठ घरं बुडवली आणि फोन बंद केला.

---

काटेकोर

माणिकचमन, तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण तिकडेही सौदा माल तयार व्हायच्या आधीच होतो.

शरदात तोडणी झाली, वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत गेली. लेओव्हिल बार्टन तिथे दीड वर्षाच्या आसपास राहते, निम्म्याहून जास्त पिंपं नवी. पण पुढच्याच वसंतात, पिंपातली वाइन सहा महिन्यांचीही नसताना, जगभरचे व्यापारी आणि लिहिणारे येऊन चवी घेतात आणि भाव फुटतो. शातो, म्हणजे वाइन करणारा मळा, थेट गिऱ्हाइकाला सहसा विकत नाही. मध्ये दलाल, मग बोर्दोचे व्यापारी, मग दुनिया. पैसे आज, बाटली दोनेक वर्षांनी.

आणि इथेच या घराण्याचं वेगळेपण आहे. अँटनी बार्टन हे रोनाल्डचे पुतणे. जन्म १९३० चा, लिफीकाठ म्हणाले त्याच स्ट्रॅफनच्या घरात. १९५१ मध्ये बोर्दोला आले. काकांनी मळा हाती दिला तो १९८३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षं उमेदवारी! त्यानंतर बोर्दोचे भाव रॉकेटसारखे गेले. एखाद्या सालाला कुणी शंभरपैकी भरघोस गुण दिले की शेजारी दुप्पट-तिप्पट भाव लावायचे. अँटनी बार्टन मात्र हात राखून भाव लावत. पिणाऱ्याने विकत घेऊन प्यावी, गुंतवणूक म्हणून गोदामात कुजवू नये, आणि साखळीतल्या प्रत्येकाला दोन पैसे सुटावेत, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच जुन्या पिणाऱ्यांत या बाटलीबद्दल एक खास जिव्हाळा आहे. २००७ मध्ये 'डिकँटर' नियतकालिकाने त्यांना वर्षातली व्यक्ती म्हणून गौरवलं. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. आता मुलगी लिलियन आणि नातवंडं बघतात. नात मेलानी या घरातली पहिली शिकलेली वाइनतज्ज्ञ. तीनशे वर्षं धंदा करून पहिली!

माझं मत: लास काझ जास्त भारदस्त असेल, मला मान्य आहे. पण दोन्हींच्या किमती शेजारी ठेवल्या तर मी डोळे झाकून बार्टन उचलेन.

---

ताडगोळा

हे मात्र आवडलं. वाइन नाही, माणूस.

---

आडवाउभा

ताडगोळा विरघळले! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

गोधडी

धाग्याचं सोनं झालं. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे हो. माळा!

---

अणुरेणू

गोधडीताई, आता कडू काढा.

अशा वाइनला बारा ते चौदा अंश, अंधार आणि स्थिरता लागते. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की दहा अंश वाढले की क्रियेचा वेग दुपटीच्या घरात जातो. पुण्यात छताखालचा माळा एप्रिल-मेमध्ये सहज पस्तीसच्या वर. म्हणजे तुमची बाटली सात वर्षं जगलेली नाही, तिने बरंच जास्त आयुष्य घाईघाईने काढलं आहे. शिवाय रोज दिवसा फुगायचं, रात्री आकसायचं, त्यात बूच ढिलं होतं आणि हवा शिरते.

तरी आशा सोडू नका. अंधार होता, ओढणीत होती, आडवी होती ना? २०१० सारख्या दणकट सालात टॅनिन आणि आंबटपणा भरपूर. तीच तिची ढाल.

हे तपासा:
बूच वर उचललं गेलंय का? टोपणाखाली चिकट ओघळ आहे का? बाटली उजेडात धरली तर वाइन खांद्यापर्यंत उतरली आहे का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर भाऊबीजेला खुशाल उघडा. आता ठेवून ती सुधारणार नाही. आणि तोवर माळ्यावरून खाली काढा, कृपा करून.

---

गोधडी

बूच सपाट आहे. ओघळ नाही. वाइन मानेच्या खालच्या टोकाला आहे, खांद्यापर्यंत उतरलेली नाही. आता ती देवघराच्या कोपऱ्यात आडवी आहे, घरातली सर्वात थंड जागा तीच. आईने बघितलं नाहीये अजून.

---

द्वाडकार्टी

छान! आता उघडायचं कसं ते.

आदल्या दिवशी सकाळी बाटली हळूच उभी करा. पंधरा वर्षांत गाळ खाली बसलेला असतो, तो तळाशी जाऊ द्या. 'खोलीच्या तापमानाला प्यावी' असं वाचाल, तर ती खोली मेदोकमधल्या दगडी घरातली, पुण्यातली नव्हे. फ्रिजमध्ये ठेवून सतरा-अठरा अंशांवर आणा.

जुनं बूच तुटू शकतं. घाई करू नका. तुटलं तर उरलेला तुकडा आत ढकला आणि स्वच्छ मलमलीतून काचेच्या जगमध्ये गाळा. चहाची गाळणी वापरू नका! आलं-वेलची तिच्या जाळीत मुरलेली असते, मी हा गुन्हा केलेला आहे. तळाचं दोन बोटं द्रव बाटलीतच राहू द्या. मग तासभर उघडी ठेवा.

जेवणात तांबडा रस्सा नको. टॅनिन आणि तिखट एकत्र आले की तोंडात होळी पेटते. मेदोकचे लोक कोकराचं भाजलेलं मटण खातात. आपल्याकडे मिरी-लसणीवरचं सुकं मटण चालेल, तेल-तिखट आवरून. शाकाहारी असाल तर भाजलेली वांगी, मश्रूम, जुनं चीज.

---

आडवाउभा

आणि फराळ? शंकरपाळ्यांबरोबर कशी लागेल? शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारतोय.

---

द्वाडकार्टी

वाईट. गोडाबरोबर ती कडू आणि रागीट होते. कडबोळ्याबरोबर कदाचित.

---

गोधडी

काल उघडली. सविस्तर लिहिते, तुमचं सर्वांचं देणं आहे.

बूच मधोमध तुटलं, अर्थात. भावाने तुकडा आत ढकलला. आईची मलमलीची जुनी साडी फाडली, आधी विचारून. जगमध्ये उतरली तेव्हा मध्ये गडद, कडेला विटकरी. पहिला वास घेतला आणि माझा धीर सुटला: मनुका, शिजवलेलं आलुबुखार, जरा काकवीसारखं. भाऊ गप्प झाला. त्याला तिकडे प्यायलेली आठवत असणार. म्हणाला, "शिजलीय थोडी." आणि मग, "चूक माझी. पुण्यात कुठे ठेवशील हे मी विचारायलाच हवं होतं."

तासाभराने पुन्हा पेले घेतले. मंडळी, तो वास! शाळेची कंपासपेटी. पेन्सिलीला टोक काढल्यावर त्या लाकडी सालींचा येतो ना, अगदी तो. त्याच्यामागून काळ्या मनुकांसारखं काहीतरी, जिभेवर कोरड पण बोचरी नाही. मनुका-काकवी होतीच, गेली नाही, पण मागे सरकली. कुणीतरी आजारातून उठून अंगणात येऊन बसावं, तसं वाटलं. भाऊ म्हणाला, लाकडाचा हा वास मेदोकच्या जुन्या वाइनची ओळख आहे.

बाबांनी एक घोट घेतला आणि "काढा आहे" असा निकाल दिला. दुसरा घोटही घेतला, हे नोंदवून ठेवते. आई प्यायली नाही, पण तिने पेला नाकाशी धरला आणि म्हणाली, "नटराज."

तळाच्या दोन बोटांत इतका गाळ होता की काटेकोरपणे सांगायचं तर माती म्हणता येईल. आडवाउभा, कडबोळ्याबरोबर चालली. शंकरपाळ्याबरोबर द्वाडकार्टीने सांगितलं तसंच झालं.

रिकामी बाटली धुऊन ठेवली आहे. माणिकचमनदादा, ती तुम्हाला हवी आहे का? लेबल शाबूत आहे, गावाचं नाव स्पष्ट वाचता येतं.

---

काटेकोर

सात पुणेरी उन्हाळ्यांनंतर कंपासपेटी शिल्लक राहिली, म्हणजे २०१० ची कमाल. सुंदर वृत्तांत. फक्त एक दुरुस्ती: 'काळ्या मनुकांसारखं' म्हणालात ते बहुधा ब्लॅककरंट, वेगळं फळ आहे.

---

गोधडी

तुम्ही तुमच्या नावाला जागलात.

---

माणिकचमन

ताई, बाटली द्या. पुण्याला मार्केट यार्डात गाडी येते आमची, ड्रायव्हर घेऊन जाईल. तुमचा नंबर इथं उघड्यावर टाकू नका, निरोप पाठवा.

शेडमध्ये मोरचुदाच्या पोत्यांशेजारी फळी आहे, तिच्यावर ठेवतो. पोराला आणि औषध मारणाऱ्या गड्याला ही गोष्ट सांगितली, दोघंही खोटं समजतायत. लेबल दाखवलं की गप्प बसतील.

दुसऱ्या प्लॉटची छाटणी आज संपली. आभाळ आलंय, डोळे फुटायच्या आत उद्या पहाटे एक हात बोर्डो मारून घेतो. चुना भिजत घातलाय.